डाव्या खांद्याशी

येवल्याच्या मंगळवारच्या बाजारात घोडी घेतली तेव्हा मैना साळवे चौतीस वर्षांची होती आणि मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होती. साल सत्त्याहत्तर, दिवाळीची सुट्टी. घोड्यातलं तिला पुस्तकातलं कळत होतं: हाडं किती, दातांवरून वय कसं काढायचं, डोळे दोन बाजूंना असल्यामुळे कुठलं दिसतं आणि कुठलं दिसत नाही. बाकीचं तिच्या वडिलांना कळत होतं. दादांनी, म्हणजे झुंबर साळव्यांनी, घोडीच्या अंगावरून मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला, चारही खूर उचलून बघितले, नाकपुड्यांशी तोंड नेऊन फुंकर घातली आणि व्यापाऱ्याकडे न बघता म्हणाले, "हीच."

व्यापाऱ्याचा टेंपो होता. पोचवून देतो म्हणाला.

"टेंपू कशाला?" दादा म्हणाले. "आदीच घाबरलीय ती. तिला वाट कळूं दे, मानूस कळूं दे. म्या चालवत आनतो."

"ऐंशी किलोमीटर आहे, दादा."

"म्हंजी किती रोज?"

"तीन. तुम्ही चालाल तर."

"मंग तीन."

मैना एस.टी.नं घरी आली. दादा शुक्रवारी दुपारी आले. विंचूर, निफाड करत, कांद्याचे ट्रॅक्टर आणि ट्रक अंगावरून जाऊ देत, तीन रात्री ओळखीपाळखीच्या गोठ्यांत काढून. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या वसाहतीत वळताना ते घोडीच्या डाव्या खांद्याशी होते, उजवा हात लगामाला, तोंडाच्या अगदी जवळ, आणि दोघांची पावलं एकाच ठेक्यात पडत होती. घोडी पांढरी, पण पांढऱ्यावर सगळीकडे बारीक तपकिरी ठिपके. शेजारच्या नवसाबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "अगं बया, ही घोडी म्हणायची का तीळ लावलेली रेवडी?" आणि तेच नाव पडलं.

दादांनी आयुष्यभर हेच केलं होतं. देवळालीला साहेबलोकांच्या पागेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं मोतद्दारी केली. पहाटे उठून खरारा करायचा, चंदीचे हरभरे भिजवायचे, घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधायचा, खोगीर चढवायचं, साहेबाचा पाय रिकिबीत नीट बसवून द्यायचा, आणि साहेब रपेटीला निघाला की घोड्याच्या डाव्या खांद्याशी पळायचं. घोडा दौडीला लागला की मागे पडायचं, आणि साहेब जिथे थांबला असेल तिथे धापा टाकत पोचून लगाम धरायचा. गोरे साहेब गेले, आपले आले. पळणं तेच राहिलं. मोतद्दारानं घोड्यावर बसायचं नाही. पागेतून बंगल्यावर रिकामा घोडा न्यायचा असला तरी चालत न्यायचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

आठ वर्षांची मैना कधी कधी त्यांच्याबरोबर पागेत जायची आणि पाण्याची बादली धरून उभी राहायची. एकदा तिनं विचारलं होतं, "दादा, वर बसलं की कसं दिसतं?"

"मला काय ठावं? सायबाला इचार."

साहेबाला तिनं विचारलं नाही. पण प्रश्न तिच्यापाशी राहिला. ती बी.एस्सी. झाली, नोकरीला लागली, आई गेली, लग्नाची दोन-तीन बोलणी होता होता राहिली, आणि शाळेला जायला सायकल घेतली तेव्हा रविवारी तीच सायकल काढून ती कालव्याकडे जायला लागली. गंगापूर धरणाकडून येणाऱ्या कालव्याच्या कडेनं मातीची मऊ वाट होती. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला द्राक्षांचे मळे, मधूनमधून बाभळी, आणि वाट धरणाच्या दिशेनं सरळ. सायकल त्या मातीत रुतायची. रुतलेली सायकल ओढताना मैनाच्या मनात दर वेळी तेच यायचं. इथे घोडा हवा. एकटीनं बसायचं, इथून निघायचं आणि धरणाची भिंत दिसेपर्यंत थांबायचंच नाही.

एवढंच तिला हवं होतं. शर्यत नको, बक्षीस नको, कोणी बघायलाही नको.

*

एन.सी.सी.तली खाकी पँट आणि कॅनव्हासचे बूट तिनं ट्रंकेतून काढले. पँट कमरेत थोडी आवळत होती. खोगीर दादांनी भद्रकालीतल्या एका म्हाताऱ्या मोच्याकडून दुरुस्त करून आणलं. दारापुढच्या निंबाखाली एक चौकोनी दगड होता, त्यावर चढून ती पहिल्यांदा घोडीवर बसली. दादांनी तिचा पाय धरून रिकिबीत घातला, टाच खाली दाबली, गुडघा आत वळवला. त्यांचे हात ते काम आपोआप करत होते.

"मान वर. खाली बघू नको. खाली म्या हाय."

रोज सकाळी शाळेआधी पाऊण तास. पहिला महिना नुसतं निंबाभोवती. मग वसाहतीच्या रस्त्यानं. मग मळ्यांच्या बांधावरून. लगाम ओढला की थांबायचं, सैल सोडला की निघायचं, पोटरी दाबली की वळायचं, हे सगळं रेवडी भराभर शिकली. मैना मात्र हळू शिकली. दोनदा पडली. एकदा शेणात, एकदा बाभळीच्या काट्यांत. त्या बाजूनं रोज टांगा नेणारा मल्हारी थांबून बघायचा. नाल ठोकायलाही तोच यायचा.

"म्याडम, घोडी पास झाली," तो म्हणाला. "आता तुमचा निकाल कवा?"

नवसाबाईंचं वेगळंच. "मैना, तू अशी घोड्यावर बसायला लागलीस, मग तुझ्या वरातीत नवऱ्यानं काय पायी चालायचं?"

"चालेल की. तेवढाच व्यायाम," मैना म्हणाली.

सहा महिन्यांत दुडकी चाल जमली. पहिल्यांदा ती उसळत होती, दात आपटत होते, मग एका सकाळी एकदम घोडीचं वर येणं आणि आपलं वर येणं एकच झालं आणि तिला हसू फुटलं. खाली दादा पळत होते, डाव्या खांद्याशी. वरून तिला त्यांची पांढरी टोपी दिसायची, टोपीच्या मधोमध तेलाचा गोल डाग, आणि त्या डागाची उसळी. त्यांचा हात आता लगामाला नसायचा. तो नुसता घोडीच्या मानेजवळ, हवेत, असायचा.

"दादा, तुम्ही आता थांबत जा ना. मला येतंय."

"मला बी बरं वाटतं गं. पाय मोकळं व्हतात."

खोटं नव्हतं ते. सदुसष्ट वर्षांचा माणूस पळताना इतका तरुण दिसू शकतो हे तिला माहीत नव्हतं. म्हणून तिनं पुढे काही म्हटलं नाही, आणि वर्ष गेलं.

अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात दादांना ताप आला. रविवार होता. मैनानं स्वतः खरारा केला, खोगिराचा पोटाखालचा तंग आवळला, दगडावर चढून बसली. आज कालव्यावर जायचं, एकटीनं. तिनं लगाम सैल सोडला आणि टाचा दाबल्या.

रेवडी उभी राहिली.

पुन्हा टाचा. जिभेचा टकटक आवाज. "चल बाई, चल." घोडीनं डावा कान मागे वळवला, पुढे घेतला, पुन्हा मागे वळवला. उधळली नाही, बिथरली नाही. शहाण्यासारखी उभी राहिली. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

वसाहतीतली पोरं कुंपणावर चढली. नवसाबाई बाहेर आल्या.

"काय गं, पेट्रोल संपलं का?"

वीस मिनिटं मैना त्या घोडीवर बसून होती. मग खाली उतरली, लगाम धरला, आणि घोडी तिच्या उजव्या हाताला मुकाट्यानं चालू लागली, दावणीपर्यंत. वर्षभर आपण घोडी चालवत होतो असं तिला वाटत होतं. चालवत दादा होते. आपण नुसतं वर बसलो होतो, साहेबासारखं.

*

तिनं लगेच कोणाला काही सांगितलं नाही. आधी खात्री करायची तिची सवय होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. दादांचा वापरलेला सदरा खोगिरावर टाकला. घोडी हलली नाही, म्हणजे वासाचं कारण नव्हतं. दादांना ओट्यावर बसवून हाक मारायला लावली. कान हलले, पाय नाही. मग मल्हारीला बोलावलं आणि घोडीच्या उजव्या बाजूनं चालायला सांगितलं. रेवडी उभीच.

"आता डावीकडून."

मल्हारीनं दोन पावलं टाकली नाहीत तोच रेवडी निघाली. तो थांबला, ती थांबली. तो पळाला, ती दुडकी धावली.

"म्याडम, ही तुमच्या दादांची न्हाय," मल्हारी म्हणाला. "डावीकडं जो आसंल त्याची हाय. आमच्या येवल्याच्या मेव्हण्यावानी."

मैना हसली नाही. तिला उत्तर मिळालं होतं. येवल्यापासूनच्या तीन दिवसांत घोडीनं एक धडा घेतला होता आणि पुढे वर्षभर दादांनी तोच रोज पक्का केला होता. लगाम, टाच, पोटरी हे सगळं तिला कळत होतं, पण निघायचं केव्हा ते डाव्या खांद्याशी पडणाऱ्या पावलांवरून ठरत होतं.

संध्याकाळी तिनं दादांना सांगितलं. ते खाटेवर बसून बिडी विझवत होते.

"माजं चुकलं म्हन की."

"चुकलं नाही म्हणत, दादा. तिला काय कळलंय ते सांगतेय."

"म्या घोडं आसंच शिकिवलं जल्मभर. सायबाच्या घोड्याला चालायचं सायेब शिकवायचा. मला बाजूनं चालायचं येतं. दुसरं मला कुटं येतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्या आधीच निंबाखाली उभे होते. "सांग. कसं मोडायचं हे?"

तिनं ठरवलं की पावलं एकदम काढून घ्यायची नाहीत, थोडी थोडी दूर न्यायची. दादा आठवडाभर खांद्याशी चालले. मग खोगिराच्या रेषेत. मग मांडीशी. मग शेपटीच्या मागे, आणि मग दोन हात, चार हात अंतरावर. रेवडीचा डावा कान सतत मागे असायचा. अंतर जास्त झालं की ती थांबायची, आणि त्यांना पुन्हा पुढे यावं लागायचं. पावलांशिवाय घोडी किती चालली हे मैना मोजायची. पहिल्यांदा सात पावलं. पंधरा दिवसांनी एकोणीस. संक्रांतीला बावन्न. फेब्रुवारीत पुन्हा अकरावर आली, का ते कळलं नाही. मग शंभर.

मार्चमधल्या एका रविवारी ते कालव्यावर गेले. दादा मागून, वीसेक हातांवर. हवेत गारवा होता आणि मळ्यांत द्राक्षं उतरवायला आलेल्या बाया आपसात मोठ्यांदा बोलत होत्या. रेवडी चालत होती. मैना मोजत होती. एकशेदहा, एकशेवीस. एकशेचाळिसाव्या पावलाला घोडीनं मान खाली केली, फुरफुरली, आणि आपणहून दुडक्या चालीला लागली. मैनानं टाच लावली नव्हती. मोजणं राहून गेलं. दुडक्या चालीची लय बदलली, लांब झाली, आणि खालची माती, बाभळी, पाणी, सगळं मागे सरकायला लागलं. दौड. पाण्यावरून एक बगळा उठला आणि थोडा वेळ त्यांच्याबरोबरच उडत राहिला. समोर वाट सरळ होती आणि त्या टोकाला, धुक्यात, धरणाच्या भिंतीची सपाट रेघ. तिला वाटलं, ही रेघ आता जवळ येणार.

मागून पळत येणाऱ्या दादांना खोकला आला.

तिला तो ऐकूही गेला नाही. रेवडीला गेला असावा, किंवा दादांची पावलं बंद पडलेली तिला कळली असावीत. ते कालव्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले होते. घोडी एका पावलात थांबली. मैना थांबली नाही. घोडीच्या मानेवरून पुढे गेली आणि उजव्या खांद्यावर पडली. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. कोणतं हाड तेही तिला लगेच कळलं.

पडल्या जागेवरून तिनं बघितलं. रेवडी वळली होती आणि रिकाम्या खोगिरासकट, हळूहळू, दादांकडे चालत निघाली होती.

*

मैनाचं हाड सहा आठवड्यांत जुळलं. दादांच्या छातीचं तसं नव्हतं. डॉक्टरांनी दमा सांगितला, बिडी बंद केली आणि चालणं अंगणापुरतं. "पळणं तर विसराच, आजोबा," म्हणाले. दादांनी मान हलवली, जणू त्यांना कोणी नोकरीवरून कमी केलं होतं.

पुढची दोन वर्षं मैनानं सगळं करून बघितलं. डाव्या रिकिबीला दोरीनं लाकडी ठोकळा बांधला, पावलांसारखा आवाज यावा म्हणून. रेवडीला ठोकळा आणि माणूस यांतला फरक कळत होता. काठीनं खांद्याला हलकं टोचलं, गूळ दाखवला, दुसऱ्या घोड्याच्या मागे न्यायचं म्हणून मल्हारीच्या टांग्यामागे नेलं. टांग्यामागे ती गेली, पण टांगा थांबला तिथे थांबली. पावलांची मोजणी पुन्हा कधी नवाच्या पुढे गेली नाही.

मल्हारी म्हणाला, "म्या येतो की रोज सकाळी बाजूनं. त्यात काय? दम हाय मला आजून."

"नको," मैना म्हणाली.

"का? लाजता का काय?"

लाज नव्हती ती. आपण वर आणि खाली डाव्या खांद्याशी कोणीतरी पळतंय, हे तिला आता माहीत असताना चालणार नव्हतं. माहीत नव्हतं तेव्हा ते वर्ष सुखाचं गेलं होतं. तिला मोतद्दार नको होता. तिला ती वाट हवी होती, एकटीला.

एक्क्याऐंशीच्या थंडीत तिनं मल्हारीला गिऱ्हाईक बघायला सांगितलं. आठ दिवसांत मिळालं. दिंडोरीकडचा गोरक्ष म्हणून एक माणूस, वरातीला घोड्या द्यायचा त्याचा धंदा. मल्हारी खूश होता. "वरातीत लगाम धरनारा आसतोच डावीकडं. हिच्यासारकी घोडी त्याला सापडायची न्हाय." सोमवारी सकाळी येऊन नेणार होता.

रविवारी पहाटे मैना उठली तेव्हा दादा निंबाखाली होते. त्यांनी रेवडीला खरारा केला होता, इतका की तपकिरी ठिपके न् ठिपके वेगळे दिसत होते. आयाळ विंचरली होती. खोगीर चढवलं होतं आणि आता ते बसायच्या जागेचं कातडं कापडानं पुसत होते. पुसून झालं होतं तरी पुसत होते. मग त्यांनी कापड खांद्यावर टाकलं आणि तळहात त्या कातड्यावर नुसता ठेवला.

मैना दारात उभी होती. घोडी निवडताना ते पाठीवर, मानेवर, पायांवर हात फिरवताना तिनं बघितलं होतं. खोगिरावर असा हात ठेवलेला तिनं कधी बघितला नव्हता. चार वर्षं आपण कसली वाट बघतोय हे साऱ्या वसाहतीला माहीत होतं. दादा सत्तर वर्षं कसली बघतायत हे आपण एकदाही विचारलं नाही.

"दादा," ती म्हणाली, "वर बसता?"

त्यांनी हात झटकन काढून घेतला. तिच्याकडे बघितलं, घोडीकडे बघितलं, आणि घरात गेले. मैनाला वाटलं, दुखावले. ती तिथेच उभी राहिली. पाच-सात मिनिटांनी ते बाहेर आले ते धुतलेलं धोतर नेसून, लग्नाकार्याचा काळा कोट घालून. दगडापाशी येऊन त्यांनी विहारात शिरताना काढावी तशी पायांतली वहाण काढून बाजूला सरळ लावून ठेवली.

चढायला वेळ लागला. शेकडो पाय त्यांनी रिकिबीत घातले होते, पण स्वतःचा पाय कुठून उचलायचा ते त्यांच्या पायाला ठाऊक नव्हतं. मैनानं पाय धरला, टाच खाली दाबली, गुडघा आत वळवला.

"मान वर," ती म्हणाली. "खाली बघू नका. खाली मी आहे."

ते बसले. दोन्ही हातांनी आयाळ घट्ट धरली होती.

"लगाम कुटं धरू?" त्यांनी विचारलं. आजवर त्यांनी लगाम फक्त घोड्याच्या तोंडाशी धरला होता.

तिनं त्यांच्या बोटांत लगाम दिला. दादांनी जीभ टकटकवली. रेवडी हलली नाही. तिचा डावा कान मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे गेला. ज्याच्या पावलांची ती वाट बघत होती तो तिच्या पाठीवर होता, आणि पावलं कुठेच नव्हती.

मैना घोडीच्या डाव्या बाजूला गेली. उजवा हात मानेशी नेला आणि पहिलं पाऊल टाकलं. रेवडीनं दुसरं.

नवसाबाई कुंपणाशी आल्या आणि त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. मग म्हणाल्या, "झुंबरभाऊ, साहेब दिसता की!"

"आसनारच," दादा वरून म्हणाले. "आपली मोतद्दार बी.एस्सी. हाय."

कालव्याची वाट दवानं ओली होती. मैना चालत होती. अठ्ठावीस वर्षं त्यांना जे दिसलं ते तिला आता दिसत होतं. रिकीब, बोटं वाकलेला एक अनवाणी पाय, घोडीच्या पोटाखालून पळणारी वाट. वर बघितलं तर पांढरे खुंट आलेली हनुवटी आणि त्यामागे आभाळ. दादा मान वर ठेवून बसले होते. त्यांच्या श्वासाची घरघर आज नव्हती, किंवा तिला खालून ऐकू येत नव्हती.

त्या बाभळीपाशी, जिथे तिचं हाड मोडलं होतं, दादा हळूच म्हणाले, "मैना, जरा पळवतीस?"

तिनं वाटेकडे बघितलं. समोर ती तशीच सरळ होती आणि टोकाला धरणाची रेघ. आपली दौड आता राहिलीच, हे तिला तेव्हा स्पष्ट कळलं. दुसरी घोडी येईल असं आता तिला वाटत नव्हतं. त्याचं दुःख कमी झालं नाही. ते तिथेच, डाव्या बरगडीखाली राहिलं, आणि तिनं पळायला सुरुवात केली.

कॅनव्हासचे बूट चिखलात रुतत होते. रेवडी दुडक्या चालीला लागली. दादा आधी उसळले, दात आपटले, "आरं आरं आरं" म्हणाले, आणि मग वरून असा आवाज आला की मैनानं घाबरून वर बघितलं. खोकला नव्हता. ते हसत होते.

दोनेकशे पावलांनंतर तिला धाप लागली. ती चालीवर आली, घोडी चालीवर आली. तिचे हात गुडघ्यांवर टेकायला आले होते.

"मैना," दादा म्हणाले, "तुजं क्यास पिकलं की गं. मदोमद, भांगात."

"वरून दिसतंय का?"

त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. मळे, पाणी, पलीकडचे डोंगर, आणि पुन्हा खाली तिच्याकडे.

"वरनं समदं दिसतं," ते म्हणाले. "सायेब कदी बोलला न्हाय."

ती श्वास घेत उभी राहिली. घोडीही उभी राहिली.

"फुडल्या आयतवारी धरनापतूर जाऊ?" दादांनी विचारलं. मग त्यांना उद्याचा सोमवार आठवला असावा, कारण त्यांनी लगाम एकदम सैल सोडला आणि मान वळवून पाण्याकडे बघू लागले.

"जाऊ," मैना म्हणाली. "मल्हारीला आज निरोप देते, गोरक्षला येऊ नको म्हणून सांग."

"तू दमशील."

"रोज थोडं थोडं वाढवू. आज दोनशे झाली."

तिनं बाहीला घाम पुसला आणि उजवा हात पुन्हा मानेशी नेला. रेवडीचा डावा कान तिच्याकडे वळला आणि तिथेच, तिच्या पुढच्या पावलासाठी, थांबून राहिला.